तीन ठोके

"आत तू जा," मर्जान म्हणाला. "बाहेरून मी बघतो."

झैन हातात डबा धरून तसाच उभा राहिला. सकाळपासून दोघे केरूच्या होडीच्या दोन अंगांना काम करत होते आणि मर्जान थेट त्याच्याशी बोलला तो आत्ता. तोवरचं सगळं बोलणं केरूच्या तोंडून चाललं होतं. त्याला सांग, राळ संपली. त्याला सांग, दुसऱ्या डब्यात आहे. शेवटी केरू वैतागून म्हणाला होता, "मी काय पोस्टमन हाय काय रे? तुमच्या मध्ये एक होडी हाय, समुद्र नाय."

"आत नेहमी तू जायचास," झैन म्हणाला.

"जायचो. म्हणूनच सांगतोय."

केरूला यात काही वावगं दिसलं नाही. होडी त्याची, घाई त्याची. कोण आत आणि कोण बाहेर याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. झैनने मात्र डबा खाली ठेवायला वेळ लावला.

लाकडी होडी पाण्यात सोडण्याआधी तिची परीक्षा उलटी घेतात. तिला पाण्यात न ढकलता आधी पाणीच तिच्यात भरतात. दोन फळ्यांमधल्या फटीत तेल आणि राळ लावलेलं सूत ठोकून बसवलेलं असतं. पोटात कमरेइतकं पाणी भरलं की जिथे सूत नीट बसलेलं नाही तिथून पाणी बाहेर झिरपतं. एक माणूस होडीच्या खाली आडवा होऊन ते बघत जातो. ओल दिसली की खडूने खूण करतो आणि तिथेच हातोडीने एक ठोका देतो. आतला माणूस पाण्याखाली हात घालून तीच जागा चाचपतो आणि आतून खूण करतो. असं टोकापासून टोकापर्यंत.

या कामात एकच नियम आहे आणि तो कुणी मोडत नाही. होडी लाकडी टेकूंवर उभी असते. आतला माणूस अचानक चढून बाहेर यायला लागला, तर पोटातलं पाणी एका अंगाला धावतं, टेकू सरकतो, आणि खाली पडलेला माणूस चिरडतो. म्हणून बाहेरचा माणूस खालून निघाला की फळीवर तीन ठोके देतो. तीन ठोके ऐकू येईपर्यंत आतल्या माणसाने जागचं हलायचं नाही. पोटाचं बूचही बाहेरच्यानेच काढायचं, कारण होडी पाण्यात जायला लायक आहे ही जबान त्याची असते.

झैन शिडी चढला आणि होडीच्या पोटात उतरला.

*

केरूने मर्जानला बोलावलं ते झैनला न विचारता. नारळी पौर्णिमा आली, सगळ्या खाडीच्या होड्या पाण्यात गेल्या, आणि केरूची एकटीच काठावर राहिली. लाकडी होड्या आता मोजक्याच उरल्या. फटी भरणारी माणसं त्याहून कमी. झैन चाळिशी ओलांडलेला, हातोडीच्या आवाजाने उजवा कान गेलेला. एकट्याने हे काम होतच नाही. त्यातच केरूला कळलं की मर्जान वारलेल्या चाचीच्या चाळिसाव्याला आखातातल्या अजमानहून गावी आलाय, आणि तिथेही तो होड्यांचंच काम करतो. केरू तसाच त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी रात्री मुंबईहून माझं विमान आहे," मर्जान म्हणाला होता. "होडी सुटेपर्यंत थांबेन. होडीत बसणार नाही."

केरूने ते मान्य केलं. कारण होडी सुटल्यावर खरं काम संपत नाही. नव्याने भरलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगायला दोन दिवस लागतात. तेवढे दोन दिवस आणि दोन रात्री ज्याने फटी भरल्या त्याने होडीतच राहायचं, पाणी उपसायचं, सैल सुताला हात लावायचा. ते झैन करणार होता, एकटा.

खरं तर झैनच्या मनात दोन दिवसांपासून एकच गोष्ट होती. मर्जान उद्या गेला की पुन्हा येणार नाही. चाची गेली, घराला कुलूप लागणार. जे काही सांगायचं ते आजच, आणि कसं सांगायचं ते त्याला कळत नव्हतं.

गावात दोघांसारखं तिसरं कुणी नव्हतं. मर्जानचे पूर्वज जंजिऱ्याच्या बाजूने गलबतावर आलेले सिद्दी. झैनचा बाप हुसेन इथलाच खलाशी, पण आई मरियम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लामूची. हुसेनने तिला निकाह करून आणली होती. शाळेत पोरं दोघांनाही एकाच हाकेने हाक मारायची, "ए शिद्दी!" एकाने हाक मारली की दोघेही वळायचे, आणि दोघे मिळून मारायचे. रंग तर होताच, पण केस जास्त. न्हाव्याला ते केस कापता यायचे नाहीत. कैची अडकायची, मग तो चिडायचा. म्हणून मरियमने मर्जानला शिकवलं आणि मर्जान झैनचे केस कापायला लागला. दर पंधरवड्याला, आंब्याच्या सावलीत, बरणीच्या झाकणाएवढ्या आरशात बघत. मरियमला त्या दोघांचं काय होतं ते बहुधा सगळ्यांच्या आधी कळलं होतं. ती काही बोलली नाही. जेवताना दोघांना एकाच ताटात वाढायची.

मर्जान गेल्यापासून झैन वस्तऱ्याने डोकं तासत आला होता.

*

पोटात अंधार होता. वरच्या झडपेतून प्रकाशाचा एक चौकोन पाण्यावर पडला होता. केरूच्या पंपाने खाडीचं पाणी कमरेपर्यंत आणून सोडलं आणि पंप बंद झाला. मग एकदम शांतता. तेलाचा आणि राळेचा वास. झैनने डावा कान फळीला लावला आणि दोन्ही तळवे पाण्याखाली टेकवले. आता त्याला कानापेक्षा तळव्यांनीच जास्त ऐकू यायचं.

पहिला ठोका आला. नाळेजवळ, होडीच्या पुढच्या टोकाशी. त्याने जागा शोधली, खूण केली आणि उलट एक टकटक दिली. मिळालं.

दुसरा ठोका. मिळालं.

मर्जानचा हात बदलला नव्हता. ठोका देण्याआधी तो हातोडीचं तोंड फळीवर हलकेच घासायचा, आतल्याला सावध करायला. झैनच्या तळव्याला ते घासणं कळलं आणि ठोका येण्याआधीच त्याची बोटं फटीवर गेली.

"हॉटेलवाला काय म्हणाला सांगितलंस नाय," बाहेर केरूचा आवाज.

"मुंबईत उतरलो तर माझ्याशी इंग्लिशमधून बोलायला लागला. मी म्हटलं, बाबा, मी रत्नागिरीचा. तो म्हणतो, रत्नागिरी कुठल्या देशात?"

केरू मोठ्याने हसला. झैनही आत हसला, एकटाच. मग केरू नारळ आणायला घराकडे गेला. जाताना तो ओरडून म्हणाला, "भरती बाराला पुरी होणार, ध्यान ठेवा रे."

होडीपासून पाण्यापर्यंत उतारावर तीन ओंडके टाकलेले होते, होडी त्यांच्यावरून घरंगळत न्यायला. भरती खालच्या पहिल्या ओंडक्याला लागेल, मग दुसऱ्याला. तिसरा होडीच्या टोकाखालीच होता. तिथे पाणी येण्याआधी पोट रिकामं व्हायला हवं. पोटात पाणी असताना भरती खाली शिरली तर होडी तरंगणार नाही, आणि हलताना नवं सूत फटीतून ओकून टाकेल.

तिसरा ठोका. मिळालं. मग बराच वेळ काही नाही. मर्जान आता बरोबर त्याच्या पायांखाली, तळाशी असावा.

"झैन."

आवाज फळीतून आला, जवळून, जणू कुणी त्याच्या घोट्याशी बोलत होतं.

"बोल."

"त्या दिवशी तू खाली होतास का?"

झैनला विचारावं लागलं नाही की कुठल्या दिवशी. पंधरा वर्षांपूर्वी, हाच काठ, दुसऱ्या कुणाची तरी होडी. मर्जान आत, झैन बाहेर. आदल्या रात्री दोघांनी ठरवलं होतं की आता चोरून नको. होडी सुटली की झैन घरी सांगणार, मला लग्न करायचं नाही, मी मर्जानबरोबर राहणार. अब्बा काय करायचं ते करोत. आणि ऐन कामाच्या मध्यात बहीण कौसर काठावर आली. "अब्बांनी बोलावलंय. चिपळूणची माणसं आलीयत, मुलगी पसंत आहे त्यांना. शर्ट बदल आणि चल." झैन खालून निघाला. हात धुतले. आणि गेला. तीन ठोके न देता.

"नाही," तो म्हणाला. "नव्हतो."

"कधी गेलास?"

"दुपारच्या आधीच. कौसरआपा आली तेव्हा."

"मी दिवस बुडेपर्यंत, मगरिबच्या अजानपर्यंत उभा होतो." मर्जानचा आवाज सपाट होता. "वाटलं, तू खाली आहेस. बेशुद्ध पडलास की काय. मी हललो तर तुझ्यावर होडी येईल. पाय सुजले माझे. हाका मारल्या, ठोकत राहिलो. मग मनाशी म्हटलं, लांब गेला असेल, ऐकू आलं नसेल त्याला. पंधरा वर्षं मी तेच धरून चाललोय, झैन. की तुला ऐकू आलं नाही."

झैनला खोटं बोलता आलं असतं. त्याचा एक कान तर गेलेलाच होता. तेव्हा तो चांगला होता हे सिद्ध करायला कोण बसलं होतं?

"आलं होतं," तो म्हणाला. "पहिल्या वळणापर्यंत येत होतं."

खाली काहीतरी सरपटल्यासारखं झालं. मातीतून एक अंग मागे निघाल्यासारखं. मग पावलं, ओल्या चिखलात, दूर जाणारी. मग तीही नाहीत.

*

झैनने पहिली दहा मिनिटं स्वतःची समजूत घातली. सूत आणायला गेला असेल. बिडी ओढत असेल. मग त्याने समजूत घालणं थांबवलं.

पाणी थंड नव्हतं, पण बराच वेळ उभं राहिलं की कमरेखालचं अंग आपलं राहत नाही. माणूस पाण्यात कसा उभा राहतो याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. तो नेहमी बाहेर असायचा. आतून सगळं वेगळं होतं. बाहेरच्या जगाचं फक्त तेवढंच कळतं, जेवढं कुणी ठोकून कळवतं.

"झैनभाय!" केरू परत आला होता. "पाणी पहिल्या ओंडक्याला लागलं. किती राहिलं? मर्जान कुठं?"

"खाली बघ."

केरू वाकल्याचा आवाज. "खाली कोण नाय. हातोडी पडलीय. खडू पडलाय. बाहेर ये, टेकू धरतो मी."

"नाही."

"म्हणजे?"

"त्याने ठोकलं नाही अजून."

"अरे, पण तो इथं नाय!"

"कळलं मला. ऐक, केरू. तुझी होडी मी बुडवणार नाही. दुसरा ओंडका पाण्याखाली गेला की तू स्वतः बूच काढ. पाणी जाऊ दे. पण मी बाहेर येणार नाही."

केरूने वाकून बुचाकडे बघितलं. "बुचाला मी हात लावायचा? आणि तळाची ओल बघितली कुणी? भर समुद्रात फट उघडली तर?" त्याचा आवाज चिरकला. "आज सणाच्या दिवशी काय चाललंय तुमचं?"

झैनने तळवा फळीवर तसाच दाबून धरला.

मग त्याला तो आवाज ऐकू आला ज्याची त्याला सकाळपासून भीती होती.

"झैन! ए झैन! कुठं आहे हा?"

कौसर. तिच्या घरी साडेदहाला पाहुणे येणार होते. चिपळूणच्याच, पण दुसऱ्या घरातल्या इफ्फतचा भाऊ आणि मामा. इफ्फत विधवा, शाळेत शिक्षिका, चांगली बाई. कौसरने झैनला सांगितलं ते परवा, तेही जेवण वाढता वाढता. कौसरचा मुलगा कुवेतला होता आणि दिवाळीनंतर ती त्याच्याकडे राहायला जाणार होती. भाऊ मागे एकटा राहणार, हे तिच्या जिवाला लागलं होतं. पंधरा वर्षांपूर्वीचं लग्न झैनने तारखा पुढे ढकलून ढकलून मोडलं होतं. नंतर अब्बा गेले, अम्मा गेली. विचारणारी आता ही एकच उरली होती.

"आत आहे," केरू म्हणाला. "बाहेर येत नाय."

शिडी करकरली. वरच्या चौकोनात कौसरचं डोकं आलं, ओढणी वाऱ्याने उडत होती.

"खुळा झालास काय? माणसं येऊन बसलीयत. शेवया थंड होतायत. असा चिखलाने भरलेला येणार त्यांच्यासमोर? चल, निघ."

"आपा, त्यांना सांग, झैन कामावर आहे."

"कसलं काम? बाहेर कुत्रं नाय!"

"मर्जान तीन ठोके देईल, तेव्हा येईन."

ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "तो गेला, झैन. येताना बघितलं मी. एसटीच्या थांब्यावर बसलाय, पिशवी घेऊन. अकराची गाडी आहे रत्नागिरीची."

झैनने डोळे मिटले. एसटीचा थांबा चढावर, दहा मिनिटांवर. धावत गेला तर गाठता येईल. शिडी हाताशी होती. पण गाठून करायचं काय? त्याच्यासमोर उभं राहून म्हणायचं, ये? मागच्या वेळी मर्जान पाण्यातून बाहेर पडला तेव्हा त्याच्या वाट्याला काय आलं होतं?

"बसू दे," तो म्हणाला.

"आणि तू?"

"तो त्या दिवशी मगरिबपर्यंत उभा होता. माझा अजून तासही झाला नाही."

कौसर कठडा घट्ट धरून होती. "हे काय आता, सूड घेतोयस स्वतःवर? लोक काय म्हणतील? मी त्या माणसांना काय सांगू?"

"खरं सांग." पाण्यावरून त्याचा स्वतःचाच आवाज त्याला मोठा वाटला. केरू ऐकत होता, हे त्याला माहीत होतं. कदाचित होडी ओढायला आलेले दोघेतिघेही. "सांग की माझ्या भावाचं पंधरा वर्षांपूर्वीच ठरलंय. ज्याच्याशी ठरलं त्याला त्याने पाण्यात उभं करून ठेवलं आणि शर्ट बदलायला गेला. इफ्फतला कुणी फसवायला नको, तिने आधीच सोसलंय. सांग, त्याचं नाव मर्जान. नाव घेऊन सांग."

बाहेर चिखलात पावलं हलली. मग केरू खाकरला.

"झैनभाय, पाणी दुसऱ्या ओंडक्याला लागलं हां."

कौसरचं डोकं चौकोनातून नाहीसं झालं. शिडी करकरली. तिच्या चपला चिखलात फटफट वाजत लांब गेल्या. झैनने ऐकता येतील तोवर त्या ऐकल्या. पंधरा वर्षांपूर्वी या चपलांच्या मागे तो चालत गेला होता.

*

वेळ किती गेला ते त्याला सांगता आलं नसतं. प्रकाशाचा चौकोन पाण्यावरून सरकून फळीवर चढला. त्याने एक हात वरच्या तुळईला धरला, पण दुसरा तळवा फळीवरून काढला नाही. लांबून एसटीचा हॉर्न आला. चढावर गाडी गियर बदलते तो आवाज. गाडी थांबली. निघाली.

त्याने कपाळ फळीला टेकवलं.

"दुसरा ओंडका बुडाला," केरू म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता. "काढू काय बूच?"

"काढ."

केरू खाली शिरला. बूच हातोडीने सैल करायला लागतं. झैन त्या आवाजाची वाट बघत राहिला. तो आला नाही. खाली कुणीतरी कुणाशी तरी दबक्या आवाजात बोललं.

मग त्याच्या उजव्या तळव्याखाली काहीतरी हलकेच घासलं गेलं.

आणि एक ठोका.

ठोका अगदी तळाशी, कण्याला लागून असलेल्या फळीवर होता. त्याने पाण्यात बुडी मारली, बोटांनी जागा शोधली. सूत तिथे खरंच सैल होतं, नखाला लागत होतं. त्याने खूण केली. वर येऊन टकटक दिली. मिळालं.

"दुसरी?" तो ओरडला.

"ओरडू नको, इथेच आहे मी." फळीतून आवाज. "दुसरी नाही. बाकी कोरडं आहे."

मग शांतता. मर्जान खालून निघत होता. झैन ते निघणं कानाने नाही, अंगाने मोजत होता. आता कोपर. आता खांदे. आता उभा राहिला.

एक.

दोन.

तिसरा ठोका लगेच आला नाही. मध्ये इतकी जागा राहिली की झैनला वाटलं, हा मुद्दाम. मुद्दाम असला तरी चालेल, त्याला वाटलं. तो हलला नाही.

तीन.

बूच निघालं आणि पाणी खळाळत चिखलात पडायला लागलं.

झैन शिडीवरून उतरला. केरूने दंडाला आधार दिला. मर्जान आधीच पुन्हा आडवा झाला होता, खूण केलेल्या फटींत सूत ठोकत. त्याने वर बघितलं नाही.

"केरूच्या होडीसाठी आलो," तो ठोकता ठोकता म्हणाला. "मागाहून गैरसमज नको."

"बरं."

"गाडी आली होती. मी उठलो पण होतो." एक घाव, दोन घाव. "तुझ्या बहिणीने माझी पिशवी उचलली आणि चालायला लागली. मी म्हटलं, आपा, पिशवी द्या. ती म्हणाली, त्या दिवशी तुझं ठोकणं मी पण ऐकलं होतं. आणि चालतच राहिली. आता पासपोर्ट पिशवीत. काय करतो?"

झैनने मान वळवली. कौसर वरच्या दगडावर बसली होती, मर्जानची निळी पिशवी मांडीवर घेऊन. ती दुसरीकडे बघत होती.

"पाहुणे?" झैनने विचारलं.

"फोन केला त्यांना," ती तिकडेच बघत म्हणाली. "शेवया खाऊन गेले."

*

तिसऱ्या ओंडक्याला पाणी लागलं तेव्हा पोट कोरडं होतं. केरूने नारळ वाढवला, खोबऱ्याचा एक तुकडा पाण्यात टाकला आणि बाकीचा वाटला. ओढायला आलेल्यांपैकी कुणी झैनच्या डोळ्यांना डोळा दिला नाही, एकाने दिला आणि पटकन काढून घेतला. पण दोरीला हात सगळ्यांनी लावला. होडी ओंडक्यांवरून घरंगळली, नाळ पाण्यात शिरली, आणि एका क्षणी तिचं वजन गेलं. ती तरंगली.

झैन उपसायचा डबा घेऊन आत चढला. त्याची जागा तिथेच होती, दोन दिवस आणि दोन रात्री. तळाशी ओल यायला लागलीच होती, नव्या फळ्यांना येते तशी. त्याने पहिला डबा भरून बाहेर फेकला.

मर्जान काठावर उभा होता, पाणी पोटऱ्यांपर्यंत. मघाच्या चिखलाने त्याची पाठ माखलेली. केसांत पांढरं आलेलं झैनला आता पहिल्यांदा नीट दिसलं.

"त्या कण्याजवळच्या फटीवर नजर ठेव," तो म्हणाला. "घाईत भरलीय."

"ठेवतो."

"उजव्या कानाने ऐकू येत नाय ना तुला?"

"नाय."

"रात्री झोप लागली आणि पाणी चढलं तर?"

झैनने दुसरा डबा फेकला. "तुझं विमान उद्या आहे," तो म्हणाला. "मी ये म्हणणार नाही. तेवढा हक्क मी ठेवलेला नाही. पण जागा आहे."

खाडीतून वारा येत होता, होडी दोरीला ओढ देत होती. केरू दोरी धरून होता आणि आज पहिल्यांदा त्याने भरतीचा हिशेब सांगितला नाही.

"टक्कल शोभत नाय तुला," मर्जान म्हणाला. "शोभेल असं कुणी सांगितलं तुला?"

"कापणारं कोण नव्हतं."

मर्जानने पायातल्या चपला काढल्या. होडीत चपला घालून चढत नाहीत. त्या त्याने काठावर, पाणी येणार नाही अशा बेताने ठेवल्या, पण भरती अजून पुरी झाली नव्हती, आणि त्याने वळून पाहिलंही नाही. कठड्याला हात घालून तो वर चढला. होडी त्याच्या अंगाला कलली आणि पुन्हा सरळ झाली.

काठावर कौसर उठली. चिखलातून चालत आली, त्या दोन चपला उचलल्या, झटकल्या आणि निळ्या पिशवीच्या बंदात अडकवल्या.

"जेवण किती जणांचं पाठवू?" तिने ओरडून विचारलं.

झैनने मर्जानकडे बघितलं. मर्जानने त्याच्या हातातला डबा घेतला, वाकला आणि कण्याजवळचं पाणी उपसायला लागला.

"दोघांचं," झैन म्हणाला. "एकाच ताटात दे."